दुसरा रिमोट

टोपीवाल्याचा गेम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या वयाची माणसं हल्ली मोबाइलवर त्याची चित्रं पाठवतात आणि खाली ‘गेले ते दिवस’ म्हणून रडकं तोंड चिकटवतात. मला काही रडू येत नाही. एक ठेंगणा मिशीवाला उड्या मारत सुटतो, डोक्यानं विटा फोडतो, कासवं तुडवतो, आणि जीव काढून किल्ल्यात पोचला की त्याला सांगतात, बाई इथं नाही, पुढच्या किल्ल्यात आहे. मला त्या बाईचाच राग यायचा. इतका वेळ ती करत काय होती? एखादी उडी तरी मारायची. अक्काला मात्र तो गेम फार आवडायचा. गेम खेळता खेळता ती त्याचं गाणं तोंडानं म्हणायची, भाकरी थापतानासुद्धा म्हणायची, आणि माय म्हणायची, हे काय बँड लावलाय चुलीपाशी.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, शोभा. आम्ही मंठ्याचे. आमच्या वडलांची, आप्पांची, शेती गावाला लागून होती, घर बाजाराच्या रस्त्याच्या मागं. ओसरीत टीव्ही, टीव्हीवर मायनं विणलेला रुमाल, आणि रुमालावर तो गेमचा डबा. डबा आमच्या मामानं हैदराबादहून आणला होता. मामा ट्रकवर होता. येताना कधी बिस्किटं आणायचा, कधी बांगड्या, एकदा हा डबा घेऊन आल्ता. “मंगल, हे तुला,” म्हणाला, “तुझं डोकं चालतं.” मला तो शब्द अजून आठवतो, कारण आमच्या घरात माझ्या डोक्याबद्दल कोणी बोलायचं ते फक्त उवा काढताना. कॅसेटींवर कुठल्या तरी परदेशी लिपीत लिहिलेलं, ते आम्हाला वाचता येत नव्हतं. मंग नावं आम्हीच ठेवली. टोपीवाला, बदकं, विटा, मारामारी, आणि रणगाडे.

डब्याला दोन रिमोट होते. पहिल्या रिमोटला गेम चालू करायचं, थांबवायचं बटन होतं. त्यावर स्टार्ट लिहिलेलं. दुसऱ्याला ते नव्हतंच. बनवणारानं असं का केलं असेल, मला अजून कळलेलं नाही. दोघं खेळणार म्हणता आणि एकालाच थांबवायची मुभा देता, ही कुठली रीत? पहिल्याच दिवशी अक्कानं आपण होऊन दुसरा रिमोट घेतला. मी म्हणाले, आळीपाळीनं घेऊ. “मला काय करायचं ते बटन,” ती म्हणाली. “तू चालू कर, मी हायेच.” तेव्हापासून तो अक्काचा रिमोट झाला. त्याच्या बटनांना कायम लसणाचा वास यायचा, कारण ती चटणी कुटता कुटता उठून यायची.

आता एकेकाबद्दल सांगते. बदकांच्या गेमला प्लास्टिकची बंदूक होती. बदकं उडायची, आपण टीव्हीवर नेम धरायचा. नेम चुकला की गवतातून एक कुत्रं वर यायचं आणि आपल्याला हसायचं. त्या कुत्र्याला गोळी लागत नाही, हा त्या गेमचा सगळ्यात मोठा अन्याय. मी कितीदा त्याच्यावर घोडा दाबला असेल. विटांचा गेम तेवढा मायला कळला. वरून वेगवेगळ्या आकाराच्या विटा पडतात, त्या खाली नीट बसवायच्या. माय शेंगा फोडता फोडता बघत होती, म्हणाली, “हे तर कडब्याची गंजी रचून राह्यले तुम्ही. आण इकडं.” आणि खरंच, हात पुसून तिनं रिमोट घेतला आणि पहिल्या डावात अशी रचत गेली की आम्ही दोघी तोंडाकडं बघत राहिलो. मंग एक ओळ पुरी भरली आणि गायब झाली. मायला ते बिलकुल पटलं नाही. “रचलेलं नाहीसं व्हतंय, मंग रचायचं कशाला?” म्हणाली, आणि परत शेंगांकडं वळली. पुन्हा कधी हात लावला नाही.

रणगाड्यांच्या गेमची सर मात्र दुसऱ्या कशाला नाही. आज मी नातवाच्या फोनवर काय काय बघते. एका बेटावर शंभर माणसं उतरतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात, तो गेम. गोड गोळ्या जुळवायचा गेम, जो माझ्या जावा पोथी लावून वाचावी तसा खेळतात. शेतीचासुद्धा एक गेम आहे. त्यात पेरलं की उगवतं, आणि काढलं की भाव ठरलेलाच. माझ्या सासरी, तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात ज्यानं एकदा तरी कापसाची गाडी उभी केली असेल त्यानं हा गेम बनवलेला नाही, एवढं मी लिहून देते. या सगळ्यांत खेळणारा एकटाच. शेजारी कोणी असलं तरी एकटाच. रणगाड्यांत तसं नव्हतं. खाली विटांच्या भिंतीत आपला किल्ला, वरून शत्रूचे रणगाडे येणार, आणि आपण दोघी मिळून किल्ला राखायचा. मी पिवळी, पुढं पळणारी. अक्का हिरवी, किल्ल्यापाशी उभी. तिचं बोट असं होतं की किल्ल्याजवळ आलेला एकही परत गेला नाही. आणि त्या गेमात एक गोम होती. आपल्या गोळीनं आपलाच किल्ला फुटायचा. आप्पांनी एकदा हौसेनं रिमोट घेतला आणि सुरुवातीलाच खाली तोंड करून धडाधड गोळ्या मारल्या. भिंत गेली, किल्ला गेला, खेळ खलास. “आपल्याच हातानं आपलं घर मोडतंय, हा कसला गेम?” आप्पा म्हणाले आणि उठले. अक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. अक्काचं हसू मोठं होतं. रस्त्यावर ऐकू जायचं.

लाईट कधी जाईल याचा भरवसा नसायचा. पार वरच्या डावापर्यंत पोचावं आणि टीव्ही बारीक ठिपका होऊन विझावा. तेव्हा काही साठवून ठेवायची सोय नव्हती, सगळं पहिल्यापासून. मी चिडायचे, वायरी आपटायचे. अक्का म्हणायची, “येईल की लाईट. कुठं जाती?” आणि धपाटे थापायला उठायची.

हसनाबादचे पाहुणे अक्काला बघायला आले ते अशाच एका दुपारी. मायनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, वर शेव, आणि नवी साडी नेसून अक्का पाटावर बसली होती. नाव विचारून झालं, शिक्षण विचारून झालं. मंग मुलाची नजर टीव्हीवरच्या डब्याकडं गेली. शहरात कॉलेजला असताना आपण पार्लरमध्ये हाच गेम खेळायचो, मारामारीत आपल्याला कोणी हरवलेलं नाही, असं तो म्हणाला. आप्पांना काय सुचलं कोण जाणे. घरी पाहुणा आला की मला खेळायला बसवून दाखवायची त्यांना हौस होतीच. “आमची मंगल बी खेळती,” ते म्हणाले. “खेळा की दोघं.” मी पहिला रिमोट घेतला, त्याला अक्काचा दिला. माय दारात उभी होती. तिनं मला डोळ्यानं सांगितलं, हर म्हणून. स्पष्ट सांगितलं. मला कळलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

मारामारीचा गेम मला फारसा पसंत नव्हता. सगळी बटनं एकदम दाबणारासुद्धा त्यात कधीमधी जिंकतो, आणि तो माणूस नेमका तसाच खेळत होता. मी खाली बसून नुसत्या लाथा मारल्या. तो पडला. पुन्हा खेळलो, पुन्हा पडला. “हा रिमोट खराब हाय,” तो म्हणाला. मी माझा त्याला दिला, अक्काचा घेतला, आणि पुन्हा पाडला. आणि तेव्हा पाटावरून अक्का हसली. तेच ते मोठं हसू, डोक्यावरचा पदर सरकेल असं. तिच्यामागं त्याचे वडीलसुद्धा हसले. म्हणाले, “बरं सापडलं रे तुला कोणी.” त्याचे कान लाल झालेले मला दिसले. मंग तोही हसला आणि रिमोट हळूच खाली ठेवला. “चांगलं खेळती तुमची मंगल,” म्हणाला. पाहुणे गेल्यावर माय माझ्यावर कडाडली, एवढं कळत न्हाई का तुला, जरा हरायचं असतं पाव्हण्यापुढं. पण दोन-चार दिवसांत होकार आला आणि माय ते विसरली. आज कोणी मला तिथं परत बसवलं तर मी परत पाडीन. एवढंच की अक्काला आधी सांगीन, हसू नको म्हणून.

लग्न उन्हाळ्यात, दारातच. येसराचा मसाला भाजल्याचा वास सगळ्या गल्लीत, कपड्यांना, केसांना, उशीला तोच वास. आमच्याकडची रीत अशी की लग्न लागायच्या आधी नवरदेवाला जानवशावर, म्हणजे वऱ्हाड उतरलेलं असतं तिथं, खायचं घेऊन जायचं. वाजतगाजत, बायका डोक्यावर पाट्या घेऊन, लाडू, करंज्या, शेवया. त्याला रुखवत म्हणतात. नवरदेवापुढं ताट मांडायचं आणि नवरदेवानं रुसायचं. ताटाला हात लावायचा नाही. मुलीकडच्यांनी विनवायचं, काय पाहिजे ते विचारायचं, आणि काहीतरी हातात पडलं की त्यानं घास उचलायचा. रुसवा म्हणजे खेळच तो, पण त्या खेळात भल्याभल्यांचे चेहरे उतरलेले मी पाहिलेत. आप्पांच्या खिशात अंगठीची डबी होती. तरी ते घामाघूम होते. कोणी म्हणत होतं मोटारसायकल मागतील, कोणी म्हणत होतं फ्रीज.

जानवसा शाळेच्या खोलीत होता, सतरंज्या टाकल्या होत्या. नवरदेव मान खाली घालून बसला. बायकांनी गाणं म्हटलं, मामानं हात जोडले. आप्पा पुढं झाले. “बोला जावईबापू, मनात काय हाय?” त्यानं वर बघितलं. आप्पांकडं नाही बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी बायकांच्या मागं करंज्यांची पाटी धरून उभी होते. “मला तो टीव्हीवरचा गेम पाहिजे,” तो म्हणाला.

खोलीभर जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. आप्पांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला, जसं कोणी डोक्यावरचं पोतं उचलून घ्यावं. “एवढंच व्हय?” ते म्हणाले. “मला वाटलं काय मागत्यात.” सोयरे म्हणाले, पोरगं साधं हाय आमचं. बायका म्हणाल्या, काय गुणाचा जावई गं बाई. मी पाटी खाली ठेवली. “आप्पा, तो माझा हाय,” मी म्हणाले. “मामानं मला दिलाय.” आप्पा हसतच होते. “तुझं काय घेऊन बसली, मंगल? उद्या तू बी सासरला जाशील, तवा काय संगं नेणार हाईस का?” मी मामाकडं बघितलं. मामा सतरंजीकडं बघत होता. नवरदेव माझ्याकडं बघून हसत होता. ते हसू मी ओळखलं. गवतातून वर येणाऱ्या कुत्र्याचं होतं ते.

डबा काढायला मलाच धाडलं, कारण वायरी कुठून कुठं गेल्यात हे दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ओसरीत कोणी नव्हतं, सगळे मांडवात. मी पिना काढल्या, वायरी गुंडाळल्या, कॅसेटी खोक्यात रचल्या. रणगाड्यांची कॅसेट हातात घेऊन बराच वेळ बसले. ठेवून घेतली असती तर कोणाला कळलं नसतं. पण मी विचार केला, डबा जातो कुठं? अक्काकडंच जातो. माझ्याकडं राहिला तरी अक्कावाचून मी एकटी काय खेळणार होते? तिथं निदान तिच्या हाताला तिचा रिमोट असेल. म्हणून कॅसेट आत ठेवली. दुसरा रिमोट वेगळा, जुन्या फडक्यात बांधला आणि खोक्याला सुतळीची दुहेरी गाठ मारली. आतल्या खोलीत बायका अक्काला नटवून राह्यल्या होत्या. मी तिच्या कानाशी गेले. “अक्का, गेम तुझ्यासंगं येऊन राह्यलाय,” मी म्हणाले. “किल्ला सांभाळ.” तिनं हळद लागलेल्या हातानं माझा हात दाबला. “तू आली की खेळू,” म्हणाली.

पहिल्या दिवाळीला तिला आणायला आप्पा निघाले तेव्हा मी हट्ट करून सोबत गेले. सगळा रस्ता एसटीत मी बोटांनी पिशवीवर बटनं दाबत होते. हसनाबादचं घर चांगलं होतं, ऐसपैस, टीव्ही आमच्यापेक्षा मोठा. टीव्हीवर काही नव्हतं. मी इकडंतिकडं बघितलं आणि मला डब्याचं खोकं दिसलं, कपाटाच्या वर, पंख्याच्या रिकाम्या खोक्याशेजारी. वर धूळ. सुतळीला माझीच दुहेरी गाठ, जशीच्या तशी. मी अक्काकडं बघितलं. तिनं मान हलवली, विचारू नको अशी. पण मी विचारलं. दाजी समोर लाडू खात बसले होते. मी म्हणाले, “दाजी, खेळत न्हाईत का तुम्ही?”

“काहून?” ते म्हणाले.

“मागून घेतला व्हता ना तुम्ही.”

दाजींनी लाडू पुरा खाल्ला, पाणी प्यायले. मंग अगदी शांतपणानं, हसून म्हणाले, “खेळायला मागितला व्हता का मी?”

बस. एवढंच बोलले. आप्पा शेजारीच होते, त्यांनी ऐकलं, आणि थट्टा समजून हसले. त्यानंतर जन्मभर आप्पा ती गोष्ट सांगत राहिले. लग्नाकार्यात, पारावर, दवाखान्यात खाटेवर पडल्यापडल्यासुद्धा. आमच्या जावयानं काय मागावं? पोरासोरांचं खेळणं. ऐकणारे वा वा करायचे. मी तिथं असले तर उठून जायचे, आणि माय म्हणायची, हिच्या नाकावर कायम राग. आहेच. नाकावरचा राग उतरवायला काही कारण लागतं, ते मला मिळालं नाही. दाजींनी अक्काला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, लोक ज्याला त्रास म्हणतात तसं काही केलं नाही. फक्त त्या घरात अक्का हसताना तोंडावर पदर घ्यायला लागली. आमच्या घरी तिला ती सवय नव्हती. पुढं माझं लग्न तीर्थपुरीला झालं, ज्याचा त्याचा संसार सुरू झाला. एकदा अक्का फोनवर बोलता बोलता म्हणाली, “अगं, तो डबा भंगारात गेला.” खोकं उघडलं होतं का, मी विचारलं. न्हाई, म्हणाली, तसाच दिला.

गेल्या दिवाळीला मी हसनाबादला गेल्ते. अक्काचा मुलगा नितीन पुण्याहून आलेला, बापासारखा नाही, मायेचा आहे. त्यानं टीव्हीला एक बारकी डबी जोडली आणि म्हणाला, “मावशी, तुमचे सगळे जुने गेम हायेत यात.” बिनवायरीचे दोन रिमोट. मी मुद्दाम पहिला अक्काला दिला. रणगाडे लागले. तेच चित्र, तीच धून. अक्का पडद्याकडं बघत बसली.

“स्टार्ट दाब की,” मी म्हणाले.

“तू दाब. माझ्या रिमोटला न्हाई ते.”

बटन तिच्या अंगठ्याखालीच होतं. नितीन हसून दाखवायला पुढं झाला, मी त्याला खुणेनं थांबवलं आणि माझ्याकडचं दाबलं. दोन्हींना असतं आता. आम्ही खेळलो. चष्मे घसरत होते, पण अक्काचा रणगाडा बराबर किल्ल्यापाशी जाऊन उभा राहिला. एक आला, तिनं उडवला. दुसरा आला, उडवला. ती हसली, पदराआडून का होईना. तेवढ्यात खुर्चीतून दाजी म्हणाले, “चहाचं काय झालं?” रागानं नाही, रोजच्यासारखं. अक्कानं रिमोट दिवाणावर ठेवला आणि आत गेली.

दाजी आता थकलेत, गुडघे गेलेत. ते थोडा वेळ टीव्ही बघत राहिले. मंग खुर्ची सरकवून दिवाणाजवळ आले. “मंगल,” म्हणाले, “एक डाव देती का?” आणि अक्काच्या रिमोटकडं हात पुढं केला.

मी माझा रिमोट मांडीवर टाकला आणि त्यांच्या आधी त्या रिमोटवर हात ठेवला.

“खेळायला मागून राह्यले का, दाजी?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना आठवलं की नाही, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. “हा अक्काचा हाय,” मी म्हणाले. “चहा टाकून येऊन राह्यली ती.” नितीन ओरडला, मावशी, किल्ला, किल्ला. दोन्ही रणगाडे नुसते उभे होते. वरून शत्रू आले, भिंत फोडली, किल्ला फोडला. मी हात काढला नाही.